सप्तरंगी डॉकिंग : प्रकल्प नोंदी, खानापूर–बेळगाव

९ जून २०२५

विषय ठरला. सरांनी तीन पर्याय ठेवले होते, त्यातला सप्तरंगीचा मी उचलला, कारण ती आमच्या फडताळातच आहे. आज्जीला साखर लागून अकरा वर्षं झाली. डॉक्टरांची मेटफॉर्मिन चालूच आहे आणि जोडीला जांबोटीकडच्या एका मामांनी दिलेली मुळीही. रात्री तांब्यात तुकडा टाकायचा, सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्यायचं. मुळी आडवी कापली की आत तांबूस वलयांमागून वलयं दिसतात, म्हणून सप्तरंगी. संस्कृतात सप्तचक्रा, वनस्पतिशास्त्रात सॅलेशिया चायनेन्सिस.

काम असं: या वेलीत सापडलेल्या रसायनांपैकी कुठलं रसायन साखर पचवणाऱ्या एन्झाइमला अडवू शकेल, याचा अंदाज संगणकावर घ्यायचा. रेणू एन्झाइमच्या खोबणीत बसवून बघायचा आणि पकडीला गुण, म्हणजे स्कोअर, द्यायचा, यालाच डॉकिंग म्हणतात. उंदीर नाहीत, परीक्षानळ्या नाहीत, जंगलातून एक काडीही आणायची नाही. सर म्हणाले, "मूळ उपटलं की वेल गेली. तू फाइली उपट, त्या परत उगवतात."

सामान: चार वर्षांचा लॅपटॉप, आठ जीबी रॅम, त्यावर उबुंटू. इंटरनेट कॉलेजात बरं आहे, घरी खानापुरात बेताचं, आणि पाऊस लागला की तेही नाही. म्हणून फाइली बेळगावात उतरवायच्या आणि रन रात्री घरी लावायचा.

आज्जी म्हणाली, "त्या डब्यात बघून औषध कसं कळतंय ग?" म्हटलं, कळलं तर सांगते.

१२ जून

टार्गेट निवडलं. भात, भाकरी, बटाटा यांतला स्टार्च आधी लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज तोडतं. उरलेल्या बारक्या तुकड्यांचं ग्लुकोज करायचं काम लहान आतड्याच्या अस्तरावरची दोन एन्झाइमं करतात, माल्टेज-ग्लुकोअमायलेज आणि सुक्रेज-आयसोमाल्टेज. ही जरा मंदावली तर जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. अकार्बोजची गोळी हेच करते. ती ॲक्टिनोप्लेन्स नावाच्या जिवाणूपासून मिळते, अमेरिकेत १९९५ पासून मान्य आहे.

सप्तरंगीची सख्खी बहीण म्हणावी अशी सॅलेशिया रेटिक्युलाटा. तिच्यातून जपानी संशोधकांनी १९९७ साली सॅलासिनॉल वेगळं केलं आणि पुढच्या वर्षी कोटालॅनॉल. दोन्ही आतड्यातल्या याच एन्झाइमांना अडवतात, हे प्रयोगातून दिसलेलं आहे. म्हणजे उत्तर आधीच माहीत! मग माझ्या प्रकल्पात उरलं काय, असं मी विचारलंही. सर म्हणाले, "उत्तर माहीत असलेलं गणित आधी घाल त्याला. ते सुटलं, तरच माहीत नसलेलं घालायचं. लोक उलटं करतात."

प्रथिनांच्या स्फटिकांवरून काढलेल्या रचना जिथं ठेवतात त्या प्रोटीन डेटा बँकेतून २क्यूएमजे ही फाइल उतरवली. माणसाच्या माल्टेज-ग्लुकोअमायलेजचा पुढचा अर्धा भाग, खोबणीत अकार्बोज अडकलेलं, १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत (अणूंची अंतरं मोजायचं एकक) स्पष्ट. खोबणीच्या तळाशी प्रथिनाच्या साखळीतले ॲस्पार्टिक आम्लाचे दोन दुवे (ॲस्पार्टेट): ४४३ क्रमांकाचा साखरेवर हल्ला करतो, ५४२ क्रमांकाचा प्रोटॉन पुरवतो. या दोन आकड्यांचा कागद लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलाय.

१७ जून

रसायनांची यादी. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसनं तयार केलेला इम्पॅट हा साठा फार कामाचा निघाला. दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० भारतीय औषधी वनस्पती आणि १७,९६७ रसायनं आहेत, कुठल्या भागात काय सापडलं ते धरून. सप्तरंगी आणि तिच्या जवळच्या सॅलेशिया जाती मिळून माझी यादी सत्तावीसवर थांबली. मँगिफेरिन, एपिकॅटेचिन, क्वेर्सेटिन, सिटोस्टेरॉल, फ्रीडेलिन आणि त्याची ट्रायटर्पीन भावंडं, सॅलासिनॉल, कोटालॅनॉल आणि कोटालॅनॉलमधला सल्फेट गेलेलं रूप.

मँगिफेरिन हे नाव आंब्याच्या मँगिफेरावरून आलंय, आंब्याच्या पानांतही ते असतं. घरी हे सांगून चूक केली. आज्जीनं लगेच, "मग आंब्याची पानं तर परड्यात हायत की, मुळीला पैसे कशाला?"

तीन जातींची रसायनं एका यादीत घातली आहेत ही लबाडी आहे, अहवालात तसं स्पष्ट लिहायचं. बाजारात सप्तरंगी म्हणून जी मुळी मिळते ती यांपैकी नेमकी कुठल्या जातीची असते, हा वेगळाच प्रकल्प होईल.

२१ जून

दोन दिवस वाया. सगळे स्कोअर विचित्र येत होते, काही रेणू खोबणीत आडवे पत्र्यासारखे घुसलेले. आज एक फाइल नुसतीच टेक्स्टमध्ये उघडली, तर तिसरा रकाना सगळा शून्य. पबकेम या रसायनांच्या साठ्यातून मी त्रिमितीऐवजी द्विमितीच्या फाइली उतरवल्या होत्या. म्हणजे कागदावर काढलेलं चित्र तसंच्या तसं एन्झाइमात कोंबत होते. साखरेचं कडं खुर्चीसारखं वाकलेलं असतं, माझं पापडासारखं सपाट.

सगळ्या पुन्हा. हायड्रोजन घातले, त्रिमिती आकार दिला, ऊर्जा कमी करून घेतली. कार्बनचे डावे-उजवे हात एकेक तपासले, कारण साखरेत एक हात उलटला की ती दुसरीच साखर होते.

मन जरा हलकं झालं ते मैत्रिणीमुळे. ती घाटातल्या नरक्या या झाडावर काम करतेय. त्यातलं कँप्टोथेसिन हे कर्करोगावरच्या टोपोटेकान आणि इरिनोटेकानचं मूळ. १९६६ साली वॉल आणि वाणी यांनी ते एका चिनी झाडातून काढलं. हे मनसुख वाणी म्हणजे आपल्या नंदुरबारात जन्मलेले, नंतर अमेरिकेत गेलेले. आमच्या घाटातल्या नरक्यात ते असल्याचं १९७२ साली कळलं, आणि त्यानंतर नरक्याची जी तोड झाली ती इकडं सगळ्यांना माहीत आहे. तर हे रसायन टोपोआयसोमरेज एन्झाइम आणि डीएनए या दोघांच्या मधल्या फटीत बसतं. मैत्रिणीनं फाइल साफ करताना पाण्याबरोबर डीएनएही पुसून टाकला होता. आठवडाभर ती एका भिंतीच्या घरात दार शोधत होती.

२६ जून

पहिली कसोटी. फाइलीतलं अकार्बोज बाहेर काढायचं, त्याचा आकार विस्कटायचा, आणि प्रोग्रॅमला म्हणायचं, आता परत बसव. मूळ जागेपासून सरासरी दोन अँगस्ट्रॉमच्या आत बसलं तर पास.

ऑटोडॉक व्हिना वापरतेय. ट्रॉट आणि ओल्सन यांचा २०१० चा प्रोग्रॅम, फुकट, माझ्या लॅपटॉपवरही पळतो. शोधाची खोली मुळात ८ असते, मी ३२ केली. ज्या पेटीत शोधायचं तिची प्रत्येक बाजू २४ अँगस्ट्रॉम.

नापास. अकार्बोज चार कड्यांचा लांब रेणू, वळणारे बंध इतके की शेपूट दरवेळी वेगळीकडे. रडायचीच बाकी होते. मग सरांनी चित्र मोठं करून दाखवलं: पहिली दोन कडी, ज्यांना अकार्व्हिओसिन म्हणतात, ती बरोबर आपल्या जागी होती. चुकत होती ती फक्त मागची दोन. आणि स्फटिकातही त्या दोन कड्यांना एन्झाइमनं जवळजवळ धरलेलंच नाही, ती खोबणीबाहेर पाण्यात लोंबकळतात. जे धरलेलंच नाही ते बरोबर जागी ठेव म्हणून प्रोग्रॅमला दटावण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन कड्यांपुरतं मोजलं, पास.

पण हे अहवालात लपवायचं नाही. "अकार्बोज पुन्हा बसवून पद्धत तपासली" एवढं एक वाक्य लिहून मोकळं होता येतं, आणि बरेच जण होतात.

३ जुलै

रात्रभर पाऊस आणि रात्रभर रन. पहाटे चारला वीज गेली, बॅटरीवर पन्नास मिनिटं चाललं, तेवढ्यात शेवटचे तीन रेणू झाले. एवढं नशीब माझं परीक्षेत कधी नसतं.

निकाल. जितका आकडा शून्याखाली, तितकी पकड घट्ट असं समजायचं. सगळ्यात वर ट्रायटर्पीनं, त्यांत फ्रीडेलिन. मग मँगिफेरिन, क्वेर्सेटिन, एपिकॅटेचिन. सिटोस्टेरॉलही वरच्या दहात. कोटालॅनॉल खालून पाचवं. सॅलासिनॉल खालून दुसरं. त्याच्या खाली फक्त एक छोटं आम्ल, जे मी यादी भरायला घातलं होतं.

म्हणजे ज्याच्याबद्दल खात्री आहे तेच वर्गात शेवटच्या बाकावर.

सरांना फोन केला. पलीकडून जेवायचा आवाज येत होता. म्हणाले, "छान झालं. आता प्रकल्प सुरू झाला."

८ जुलै

आकडे बाजूला ठेवून नुसती चित्रं बघितली. हे आधीच करायला हवं होतं.

फ्रीडेलिन खोबणीत गेलेलंच नाही! पाच कड्यांचा तो जाड, तेलकट रेणू खोबणीच्या तोंडाशी, भिंतीवर पाल बसावी तसा पसरलाय. त्याला एवढा चांगला स्कोअर कसा? रेणू मोठा, अणू जास्त, जेवढा पृष्ठभाग भिडेल तेवढे गुण मिळत जातात. वजनाच्या मापानं फ्रीडेलिन ४२७ च्या घरात, सॅलासिनॉल ३३४. मोठ्या अंगाच्या माणसाला कबड्डीत नुसत्या अंगाचे गुण दिल्यासारखं.

अणूमागे गुण काढले, म्हणजे स्कोअरला हायड्रोजन सोडून उरलेल्या अणूंच्या संख्येनं भागलं. ट्रायटर्पीनं धाडकन खाली आली. पण सॅलासिनॉल तरीही मधेच. म्हणजे नुसता आकार हे कारण पुरत नाही.

आणि त्याचं चित्र तर सुंदर आहे. पाच कोनी कडं खोबणीच्या तळाशी, गंधक ४४३ च्या ॲस्पार्टेटकडे तोंड करून. २०१० साली कोटालॅनॉल अडकलेली या एन्झाइमची स्फटिक-रचना प्रसिद्ध झालीय, तीवर ठेवून पाहिलं तर माझं कोटालॅनॉल जवळपास तसंच बसलंय. जागा बरोबर, किंमत चूक. पत्ता अचूक सांगतो आणि घरात कोण राहतं ते सांगता येत नाही, असं काहीतरी.

१२ जुलै

रोप लावण. चार दिवस लॅपटॉप उघडला नाही. कंबर गेली.

१६ जुलै

सापडलं! आणि सापडलं ते प्रोग्रॅमच्या माहितीपुस्तिकेत, जी मी पहिल्या दिवशी वाचायला हवी होती.

आधी सॅलासिनॉलचा खेळ समजून घ्यायला हवा. एन्झाइम साखरेचा बंध तोडतं तेव्हा मधल्या क्षणी साखरेच्या कड्यावर धन भार येतो. खोबणीतले ॲस्पार्टेट ऋण भाराचे, ते तो क्षण सावरून धरतात, त्यांचं कामच ते. सॅलासिनॉलच्या कड्यात गंधक आहे, तीन बंधांचा, आणि त्यावर कायमचा धन भार. दुसऱ्या टोकाला सल्फेटचा ऋण भार, म्हणजे एकूण बेरीज शून्य. हा रेणू त्या मधल्या क्षणाचं सोंग घेऊन येतो आणि एन्झाइम त्याला धरून बसतं. सगळी जादू त्या एका भारात.

आणि व्हिना अणूंवरचे भार बघतच नाही.

पुस्तिकेत सरळ लिहिलंय: फाइलीत दिलेले भार वापरले जात नाहीत. आकाराची जुळणी, पाणी टाळणारे भाग एकमेकांना भिडणं, हायड्रोजन बंध, रेणू किती वळतो त्याची वजावट, यावर स्कोअर. मी दोन दिवस बसून गंधकावरचा भार दुरुस्त केला होता, तो रकाना त्यानं उघडूनही बघितला नव्हता.

यात प्रोग्रॅमची चूक नाही. तो कशासाठी कसा बनवलाय ते त्याच्या कर्त्यांनी लपवलेलं नाही. पण मी तराजूत रंग मोजत बसले होते.

मला राग कशाचा येतोय तर मी हे गणित उलट्या क्रमानं सोडवलं असतं, म्हणजे सॅलासिनॉल यादीत घातलंच नसतं, तर आज "फ्रीडेलिन हे मधुमेहावरचं संभाव्य औषध" अशी ओळ लिहून मोकळी झाले असते. रंगीत चित्रासकट. कुणाला काही कळलं नसतं, मला तर नाहीच.

२० जुलै

रविवार. दादाच्या गाडीवरून जांबोटीला, मामांकडे. रस्ताभर धुकं, मलप्रभा तुडुंब. भीमगडचं रान सुरू होतं तिथं वनखात्याचा फलक आहे. मामांनी आधीच सांगून टाकलं, आता आत जाऊन काही काढत नाही, आपल्याच बांधावर तीन वेली लावल्यात आणि बाजूचं एखादंच मूळ घेतो, मधलं नाही.

मी वही काढली. मामांना वही आवडली नाही. मग मिटली, आणि बोलणं सुरू झालं.

विचारलं, "मामा, तुम्ही मुळी पाण्यातच का देता? तेलात, तुपात काढत नाही?"

"तेलात काय उतरतंय तिचं? ती पाण्याचीच बघ. रातभर ठेवायची, सकाळी पाणी तांबूस आलं की झालं. दोनदा भिजवायची, तिसऱ्यांदा टाकून द्यायची. मग नुसतं लाकूड ऱ्हातंय."

परत येताना गाडीवर हेच डोक्यात. श्रीलंकेत सॅलेशियाच्या लाकडाचा पेलाच करतात, रात्री त्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी पितात. तिथंही पाणीच. फ्रीडेलिन, सिटोस्टेरॉल ही सगळी तेलकट मंडळी, थंड पाण्यात उतरणारी नव्हेत. ती राहणार लाकडात, मामा टाकून देतात त्या चोथ्यात. पाण्यात सहज उतरणार सॅलासिनॉल आणि कोटालॅनॉल, कारण त्यांच्या अंगावर हायड्रॉक्सिलच हायड्रॉक्सिल आणि भार. मँगिफेरिनही थोडं. म्हणजे माझ्या यादीतले पहिले सहा जण आज्जीच्या तांब्यात पोचतच नाहीत.

तांबूस रंगाचं मात्र मामांना सांगितलं नाही. तो रंग बहुधा टॅनिनसारख्या रसायनांचा असणार. सॅलासिनॉलला रंग नसतो. पाणी तांबूस आलं म्हणजे औषध उतरलं असं नाही, पण भिजायला वेळ पुरेसा झाला एवढं नक्की कळतं. तेवढ्यापुरती खूण चांगलीच आहे.

२९ जुलै

पंचमी. सकाळी लाह्या, दुपारी रन.

भार मोजणारी पद्धत लावली. व्हिनाच्या १.२ आवृत्तीत, जी २०२१ मध्ये आली, जुन्या ऑटोडॉक ४ चं गुणांकनही वापरता येतं. त्यात विद्युत आकर्षणाची वेगळी संज्ञा आहे. आधी खोबणीचे नकाशे तयार करावे लागतात, प्रत्येक प्रकारच्या अणूसाठी एक. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता.

कोटालॅनॉल खालून पाचव्यावरून वरून आठवं. सॅलासिनॉल अकरावं. सल्फेट गेलेलं रूप, ज्यावर निव्वळ धन भार उरतो, ते चौथं! ट्रायटर्पीनं अजून वरच्या पाचात दोन आहेतच.

हरखून जायचं नाही असं स्वतःला बजावतेय. उत्तर माहीत असताना पद्धत बदलत बदलत ते उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही, ही पण एक लबाडीच. म्हणून वहीत सगळ्या पद्धती, सगळे क्रम, जमलेले आणि न जमलेले, तारखेसकट लिहिलेत. परीक्षकांनी विचारलं तर वही पुढे करायची.

७ ऑगस्ट

औषधी गुणांची चाळणी. स्विसएडीएमई या संकेतस्थळावर रेणू टाकला की तो आतड्यातून रक्तात जाईल का, यकृतात काय होईल, लिपिन्स्कीचे नियम पाळतो का, हे सगळं येतं. लिपिन्स्की यांनी १९९७ साली मांडलेले नियम: वजन ५०० च्या आत, तेलात विरघळण्याचा लॉग ५ च्या आत, हायड्रोजन देणारे गट पाचपर्यंत, घेणारे दहापर्यंत.

कोटालॅनॉलला लाल खूण, शोषण कमी. सॅलासिनॉललाही. क्वेर्सेटिन हिरवं. यादीतून लाल काढून टाका असं आम्हाला वर्गात शिकवलंय.

पण आपलं एन्झाइम कुठं आहे? आतड्याच्या आतल्या भिंतीवर. औषधाला रक्तात जायचंच नाही. अकार्बोज याच चाळणीत टाकून बघितलं, चारांपैकी तीन नियमांत नापास, आणि तरीही ती गोळी जगभर विकली जाते. तिचा दोन टक्क्यांहून कमी भाग मूळ रूपात रक्तात पोचतो आणि तेच बरं, कारण बाकी अंगाला तिचा उपद्रव कमी. म्हणजे इथं लाल खूण हाच गुण. चाळणी चुकीची नाही, धान्य वेगळं आहे.

अकार्बोजचा ठरलेला त्रास म्हणजे पोटात वारा. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू तो आंबवतात. हे घरी वाचून दाखवत होते तर आई हसायला लागली. मुळीचं पाणी सुरू केल्यापासून आज्जीचं पोट गुडगुडतं, ही घरातली जुनी तक्रार. याला पुरावा म्हणायचं नाही, आज्जीला वाटाणाही चालत नाही. तरी वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं.

डॉक्टरांना मात्र मुळीबद्दल सांगून आलो. त्यांना माहीतच नव्हतं. चिडले नाहीत. गोळी आणि मुळी दोन्ही चालू असतील तर साखर जास्त वेळा तपासा, खाली गेली तर घाम, थरथर बघा म्हणाले. हे सांगायला अकरा वर्षं लागली आम्हाला.

१४ ऑगस्ट

डॉकिंगमध्ये एन्झाइम दगडासारखं ताठ धरलेलं असतं. खरं तर ते हलतं, पाणी आत-बाहेर करतं. म्हणून मॉलिक्युलर डायनॅमिक्स: सगळे अणू, भोवतीचं पाणी, क्षार, सगळं हलवून बघायचं. पाण्यासकट लाखभर अणू होतात. माझ्या लॅपटॉपवर याचं नाव काढायचं नाही. गूगल कोलॅबवर फुकटचा जीपीयू, म्हणजे दूरचा वेगवान संगणक, मिळतो, तोही मधेच सुटतो, म्हणून दर थोड्या वेळानं चेकपॉइंट, म्हणजे तिथवरचं काम, जपायचं.

सल्फेट गेलेल्या रूपाचे भार काढताना अडकले. प्रोग्रॅम म्हणतो इलेक्ट्रॉनांची संख्या विषम आहे. तासभर फाइल तपासली. चूक माझी: एकूण भार शून्य दिला होता. सल्फेट गेला तेव्हा ऋण भारही गेला, उरला अधिक एक. कोटालॅनॉलची फाइल कॉपी करून नाव बदललं होतं, आकडा नाही. निदान हा प्रोग्रॅम भार बघतो!

१९ ऑगस्ट

दोनच रेणूंना वेळ मिळाला, कोटालॅनॉल आणि फ्रीडेलिन. प्रत्येकी दहा नॅनोसेकंद. कोटालॅनॉल तळाशी टिकून राहिलं, गंधक आणि ४४३ मधलं अंतर फार हललं नाही. फ्रीडेलिन तिसऱ्या नॅनोसेकंदानंतर सरकत सरकत खोबणीचं तोंड सोडून बाजूला गेलं. पाल उठून गेली.

दहा नॅनोसेकंद म्हणजे फार काही नाही, आणि एकदाच केलेला रन म्हणजे एकदाच उडवलेलं नाणं. अहवालात "सुसंगत दिसतं" एवढंच लिहायचं, "सिद्ध झालं" नाही.

३ सप्टेंबर

गणपतीत काही झालं नाही. मोदक खाल्ल्यावर आज्जीची साखर मोजली. आकडा इथं लिहीत नाही, तिनं शपथ घातलीय.

१० सप्टेंबर

विभागात सादरीकरण. सकाळची बस खचाखच, कंडक्टरचं "मुंद बर्री, मुंद बर्री" (पुढं या) आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्यावर कुणाची तरी भाजीची पिशवी.

पहिली स्लाइड चुकलेल्या यादीची ठेवली. एक मॅडम म्हणाल्या, चांगले निकाल आधी दाखवायचे असतात. सर काही बोलले नाहीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र त्याच स्लाइडवर वीस मिनिटं घेतली, शेवटी विचारलं, "मुळीचं पाणी प्रत्यक्ष एन्झाइमवर टाकून बघणार का?"

इथं खरी अडचण. आमच्या प्रयोगशाळेत अल्फा-ग्लुकोसायडेज, म्हणजे याच कामाचं एन्झाइम, आहे, पण यीस्टचं. बहुतेक कॉलेजांत तेच असतं, स्वस्त आणि सोपं. त्याला एक कृत्रिम साखर देतात, ती तुटली की पिवळा रंग येतो, ४०५ नॅनोमीटरला मोजायचा. पण साखर तोडणाऱ्या एन्झाइमांच्या वर्गवारीत यीस्टचं एन्झाइम १३ व्या कुळातलं आणि आपल्या आतड्यातलं ३१ व्या. काम सारखं, घराणं वेगळं. यीस्टचं एन्झाइम खुद्द अकार्बोजला फारसं जुमानत नाही, उलट क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइडं त्याला सहज अडवतात. म्हणजे तिथं मुळीचं पाणी नापास झालं तरी काही कळणार नाही, आणि पास झालं तर बहुधा भलत्याच रसायनामुळे. व्हिनासारखीच गत, फक्त काचेच्या नळीत.

हवी ती उंदराच्या आतड्याची ॲसिटोन पावडर. तिच्यात माल्टेज आणि सुक्रेज दोन्ही असतात. सरांनी मागवायला होकार दिलाय. कोटेशन आलं, विभागाच्या उरलेल्या पैशात बसतंय. ती उणे वीस अंशाला ठेवावी लागते आणि आमचा फ्रीजर उणे दहाच्या खाली जात नाही. उद्या वरच्या मजल्यावर सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांना विचारायचं, त्यांच्या फ्रीजरमध्ये एक कप्पा मिळतो का. मामांकडून त्याच वेलीची मुळी, त्याच दिवशी भिजवलेली, आणि तिसऱ्या भिजवणीचा चोथाही आणायचा. टाकू नका म्हणून आजच फोन करून ठेवला.